पुस्तकाला उत्तर द्यायला मुलांना शिकवा
(अभ्यासपाठ)



तुमच्या घरातील पुस्तके कोठे ठेवलेली आहेत? धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातला देव्हारा काढला. त्या जागी भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली. शेजारी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आला. नागपूरला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपली माणसे पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेतात, पिशवीत जपून गावी आणतात. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु पुष्कळ घरांत तो ग्रंथ कापडात गुंडाळलेला असतो. वंदनेच्या वेळी त्याला फूल वाहतात, आणि तो पुन्हा जागेवर जातो. लहान मुलाने हात लावला तर आई म्हणते, "अरे, फाटेल. ठेव तो होता तिथे."

ज्या घरात ग्रंथ उघडला जातो तिथेही काय होते ते पाहा. मुलगी चार पाने मोठ्याने वाचते. सगळे ऐकतात, "साधु, साधु, साधु" म्हणतात आणि उठतात. शाळेतही असेच. धडा वाचायचा, एका वाक्यात उत्तरे लिहायची, तीही गाइडमधून उतरवून. पुस्तक बोलते आणि मूल ऐकते. मूल पुस्तकाशी कधी बोलतच नाही.

मी नाशिकच्या एका शाळेत शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे पुस्तकासमोर बसलेल्या मुलाच्या मनात कसली भीती असते, ती मला ठाऊक आहे. ही भीती घालवायची कशी, आणि त्यासाठी घरी व विहारात कोणते उपक्रम घेता येतील, याचा विचार या पाठात करू.

१. मुलाने विचारलेला प्रश्न

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथासाठी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. तीत त्यांनी लहानपणीची हकीकत सांगितली आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी होते. ते मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करून घेत. भीमरावांनी एके दिवशी वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांचा कमीपणा सांगितला आहे, ते ग्रंथ तुम्ही आम्हाला का वाचायला लावता? वडिलांनी पहिल्यांदा असले प्रश्न विचारू नयेत म्हणून गप्प केले, परंतु काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा त्यांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य असल्यामुळे मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, लहान स्थितीतून वर आलेली माणसे त्या ग्रंथांत दिसावीत, असा त्यांचा हेतू होता. मुलाचे त्याने समाधान झाले नाही, आणि तेही बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले आहे.

पुढे एका सत्कारसभेत दादा केळुसकर यांनी विद्यार्थी भीमरावांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या पुस्तकाने ते बुद्धाकडे वळले. एका पुस्तकाला त्यांनी प्रश्नाने उत्तर दिले, आणि दुसऱ्या पुस्तकाला आयुष्याच्या अखेरीस स्वतःचा ग्रंथ लिहून उत्तर दिले. तो ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मुलाने प्रश्न विचारला, ही एक. त्या घरात प्रश्न पुन्हा विचारता आला आणि त्याला उत्तर मिळाले, ही दुसरी. पहिली गोष्ट मुलाची, दुसरी आईबापांची. तुमच्या घरात मुलगी ग्रंथ वाचताना मध्येच थांबून "बाबा, हे मला पटत नाही" म्हणाली, तर तुम्ही काय कराल? स्वतः भगवंतांनी केसपुत्त गावच्या कालामांना असेच सांगितले की, परंपरेने आले म्हणून किंवा धर्मग्रंथात आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. ज्या धम्मात शास्त्यानेच अशी मोकळीक दिली, त्या धम्माच्या घरात मुलाला गप्प कोणी करावे?

२. उत्तर देण्याच्या अनेक वाटा

पुस्तकाला उत्तर द्यायचे म्हणजे निबंधच लिहायचा, असे नाही. आपल्याच माणसांनी किती वाटांनी उत्तरे दिली आहेत ते पाहू.

१८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतिबा-सावित्रीबाईंच्या पुण्याच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील विद्यार्थिनी. वय सुमारे १४. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने धर्मग्रंथाचाच प्रश्न घेतला. वेद ब्राह्मणांचेच, असे म्हणतात. मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही, हे उघड झाले, असा तिचा युक्तिवाद. जो ग्रंथ तिला वाचण्याची बंदी होती, त्याला या मुलीने उत्तर दिले. विद्यार्थ्याने केलेले याहून मोठे काम मला ठाऊक नाही.

आता आपल्या नाशिक जिल्ह्याकडे या. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. श्रोत्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. बाबासाहेबांचे लेख आणि भाषणे त्यांच्यापर्यंत कशी पोचायची? कर्डकांनी तमाशाचा साचा घेतला. त्यातली देवाची स्तुती काढली, गवळण काढली, आणि त्या जागी शिक्षण, दारूबंदी, अंधश्रद्धा, मंदिरप्रवेश हे विषय सवाल-जवाबात घातले. छापील मजकूर त्यांनी माणसांच्या तोंडी दिला.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) लहानपणी शाळा शिकले नाहीत. मोठेपणी त्यांनी अक्षरे शिकून घेतली आणि पुढे हजारो गाणी लिहिली. बाबासाहेबांचा विचार आज वस्तीवस्तीत लोकांच्या ओठांवर आहे, त्यात या गाण्यांचा वाटा केवढा आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

एकीने निबंध लिहिला, एकाने नाट्य उभे केले, एकाने गाणे केले. वाटा निरनिराळ्या, परंतु तिघांनीही ऐकलेले-वाचलेले जसेच्या तसे परत म्हटले नाही. आपल्या मनातून काढून, आपल्या लोकांना कळेल असे करून मांडले.

३. 'डोळ्याचे मूल, कानाचे मूल, हाताचे मूल'

येथे एका धोक्याची सूचना देणे मला आवश्यक वाटते. शिक्षणक्षेत्रात गेली काही दशके एक मत फार पसरले आहे. कोणी मूल पाहून शिकते, कोणी ऐकून, कोणी हाताने करून. म्हणून प्रत्येक मुलाचा प्रकार ओळखावा आणि त्याला त्याच प्रकाराने शिकवावे, असे ते मत. ऐकायला हे गोड वाटते. एका प्रशिक्षणवर्गात आम्हा शिक्षकांना तीन रकान्यांचा तक्ता देऊन वर्गातील मुलांची नावे त्यात भरायला सांगितले होते. भरून आलेले तक्ते मी पाहिले. 'हाताने शिकणारी' या रकान्यात बहुतेक नावे कोणाची होती? बांधकामावर जाणाऱ्यांच्या, सफाई कामगारांच्या, आदिवासी पाड्यांवरून आलेल्यांच्या मुलांची. पुस्तक एका रकान्याला आणि हातकाम दुसऱ्या रकान्याला! ही वाटणी आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी भोगलेली आहे. तेव्हा ती जन्मावरून होत होती, आता 'शिकण्याच्या पद्धती'वरून होते.

आणि या मताला शास्त्राचा आधार तरी आहे काय? २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधन तपासून पाहिले. मुलाचा प्रकार ओळखून त्या प्रकाराने शिकवले तर ते अधिक शिकते, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, हे खरे. एखादीला गायला आवडते, एखाद्याला चित्र काढायला. परंतु आवड म्हणजे मर्यादा नव्हे. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली बुद्धिमत्ता एकच नसून अनेक प्रकारच्या असतात असे मांडले. त्यांचे नावही पुष्कळदा या तक्त्यांना जोडतात. परंतु आपला सिद्धांत आणि 'शिकण्याच्या पद्धती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे खुद्द त्यांनीच सांगितले आहे.

तेव्हा नियम असा करावा : पद्धत मुलावरून ठरवू नये, मजकुरावरून ठरवावी. नदीचा प्रसंग असेल तर सगळ्यांनी नकाशा काढावा. सभेचा प्रसंग असेल तर सगळ्यांनी सभा भरवावी. आकडे असतील तर सगळ्यांनी हिशेब करावा. जी मुलगी छान गाते तिने हिशेबही केला पाहिजे, आणि ज्याचे गणित चांगले त्याने सभेत उभे राहून बोललेही पाहिजे.

४. एक प्रसंग, पाच उपक्रम

आता प्रत्यक्ष कामाला लागू. उदाहरणासाठी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग घेऊ.

प्रसंग थोडक्यात असा. शाक्य आणि कोलिय या दोन राज्यांच्या सीमेवर रोहिणी नदी होती. दोघेही तिचे पाणी शेतीला घेत. आधी पाणी कोणी घ्यायचे आणि किती, यावरून दर हंगामात तंटा होई. सिद्धार्थ २८ वर्षांचे असताना मोठी मारामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थांनी विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, अशी त्यांची सूचना. मतदान झाले आणि ती सूचना मोठ्या बहुमताने पडली. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला. सिद्धार्थांनी सैन्यात जाण्यास नकार दिला. कुटुंबावर बहिष्कार घालण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी आली. कुटुंबाला शिक्षा नको, मला द्या, असे ते म्हणाले, आणि शेवटी परिव्राजक होऊन देश सोडण्याचा मार्ग त्यांनी पत्करला.

(अ) पुस्तक मिटून सांगणे. प्रसंग एकदा वाचावा. मग ग्रंथ मिटावा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत आईला किंवा आजीला सांगावा. अडले तर आठवू द्यावे, लगेच पान उघडू नये. सांगून झाल्यावर पान उघडून काय राहिले ते पाहावे. हा उपक्रम अगदी साधा, पण याचे बळ मोठे आहे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पाठांतराने जे टिकत नाही ते आठवून सांगण्याने टिकते.

(आ) संघसभा भरवणे. विहारात दहा-पंधरा मुले असली तरी पुरे. एक सेनापती, एक सिद्धार्थ, बाकीचे संघाचे सभासद. सेनापतीचे काम हुशार मुलाला द्यावे, कारण युद्धाची बाजूही जोरकसपणे मांडली गेली पाहिजे. प्रत्येक वक्त्याने आधी ग्रंथातला एक मुद्दा सांगावा, नंतर स्वतःचा एक जोडावा. शेवटी हात वर करून खरे मतदान घ्यावे. एखाद्या वेळी मुलांच्या सभेत सिद्धार्थांची सूचना मंजूर होईल. तेव्हा विचारावे : मग ग्रंथात ती का पडली? त्या सभेतल्या माणसांना कशाची भीती होती? बहुमत चुकीच्या बाजूला असेल तर एकट्या माणसाने काय करावे? एका प्रौढ अभ्यासवर्गातही तास पुरणार नाही, असे हे प्रश्न आहेत.

(इ) नकाशा करणे. अंगणात मातीने किंवा पुठ्ठ्यावर भिजवलेल्या कागदाच्या लगद्याने रोहिणी नदी करावी. दोन्ही तीरांवर दोन राज्ये दाखवावीत. मग शेजारी आपली गोदावरी काढावी : त्र्यंबकेश्वर, गंगापूर धरण, नाशिक, आणि खाली पैठणजवळचे जायकवाडी. नाशिक-नगरच्या धरणांतले पाणी जायकवाडीला सोडायचे की नाही, यावरून दुष्काळाच्या वर्षी काय वाद होतो ते घरातील मोठ्यांना ठाऊक आहे. पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी महाराष्ट्रात २००५ साली जलसंपत्ती नियमनाचा कायदा झाला आणि त्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. पाचांनी बसून तंटा मिटवावा ही सूचना आणि हे प्राधिकरण, यांत सारखे काय, वेगळे काय, हे मुलांनी शोधावे. बुद्धांचा काळ आणि आपला नळ यांत फार अंतर नाही, हे त्यांच्या ध्यानात येईल.

(ई) दोन पुस्तके शेजारी ठेवणे. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले आणि म्हणून गृहत्याग केला, अशी हकीकत शाळेच्या पुस्तकांत व चित्रांत येते. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच हे पटण्यासारखे नाही असे म्हटले आहे. २९ वर्षांच्या माणसाने या गोष्टी आधी कधी पाहिल्याच नाहीत काय? मोठ्या मुलांनी वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. एका बाजूला प्रचलित कथा, दुसऱ्या बाजूला ग्रंथातील हकीकत लिहावी आणि खाली, मला कोणती पटते आणि का, हे पाच ओळींत लिहावे. त्याच वहीत यशोधरेचे पत्र लिहून घ्यावे. या ग्रंथातील यशोधरा झोपेत टाकून दिलेली बायको नाही. तिला सारे सांगितलेले आहे आणि ती पतीच्या निर्णयाला संमती देते. तीही बरोबर गेली असती, परंतु राहुलला सांभाळायचे होते. ती सासऱ्याला, आईला किंवा मोठ्या झालेल्या राहुलला काय लिहील? मुलींनीच नव्हे, मुलांनीही हे पत्र लिहावे.

(उ) गाणे किंवा जलसा. मुलांनी मिळून आठ ओळी कराव्यात. चाल ओळखीची घ्यावी, शब्द स्वतःचे असावेत. आठ ओळींत सगळा प्रसंग मावत नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, यावर जी चर्चा होते तीच खरी शिकवण. सवाल-जवाब केले तर अधिक चांगले : सवाल सेनापतीचा, जवाब सिद्धार्थांचा. डफ किंवा ढोलकी घरात असतेच.

५. दगडातले पान

नाशिककरांना आणखी एक पुस्तक लाभले आहे. ते त्रिरश्मी डोंगरावर कोरलेले आहे. पांडवलेणी म्हणून प्रसिद्ध असलेल्या २४ लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेख ब्राह्मी लिपीत आहे, परंतु त्याचा अर्थ विद्वानांनी लावलेला असून ग्रंथालयात तो मिळतो. आपण रविवारी लेण्यांवर जातो, वंदना करतो, डबा खातो आणि उतरतो. पुढच्या वेळी वही-पेन्सिल न्या आणि मुलांकडून हा हिशेब करून घ्या.

उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, व्याज तेवढे वापरायचे. २,००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

हिशेब करा. २,००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे २४०. बरोबर जुळते! जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीच्या दगडाने मांडलेला हिशेब सातवीतले मूल तपासून पाहू शकते. मग विचारावे : कापड विणणाऱ्यांवर एवढा विश्वास कोणी आणि का ठेवला? त्या काळी विणकरांची संघटना पेढीचे काम करत होती, याचा अर्थ काय? हाताने काम करणारे आणि हिशेब ठेवणारे तेथे एकच होते. मागे सांगितलेल्या तीन रकान्यांच्या तक्त्याला हे दगडातले उत्तर आहे.

६. उपक्रम घेताना पाळायचे नियम

पहिला नियम : प्रत्येक उपक्रम शेवटी पुस्तकाकडे परतला पाहिजे. सुंदर चित्र झाले, टाळ्या पडल्या आणि सारे घरी गेले, असे होऊ नये. "हे तू कोणत्या पानावरून घेतलेस?" हा प्रश्न नेहमी विचारावा. जे पुस्तकात नाही ते मुलाने घातले तर रागावू नये. मात्र, हे माझे आहे, ग्रंथातले नाही, हे त्याला सांगता आले पाहिजे.

दुसरा नियम : कामे फिरती असावीत. गेल्या वेळी जो सेनापती झाला त्याने या वेळी नकाशा करावा. मुलींनी हार करायचे, फुले वाटायची आणि मुलांनी भाषणे करायची, ही रीत विहारात तरी बंद करावी.

तिसरा नियम : खर्च होऊ देऊ नये. दुकानातून थर्माकोल आणि तयार चित्रे आणून आईबापांनी रात्री जागून केलेला 'प्रकल्प' मुलाला काही शिकवत नाही. जुनी वर्तमानपत्रे, माती, कोळसा, पाठकोरे कागद पुरेत.

चौथा नियम : पुस्तक धम्माचेच असावे असे नाही. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्याच तुरुंगात लिहिली. त्या श्यामचे घर आणि आपले घर यांत सारखे काय, निराळे काय, हे मुलांनी जरूर पाहावे. मोठ्या मुलांना विहितगावचे बाबुराव बागूल द्यावेत. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ सालचा, परंतु त्यातला प्रश्न आज खोली भाड्याने मागायला जाणाऱ्या तरुणाला विचारून पाहा.

७. "आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय करणार?"

पुष्कळ माता-भगिनी हे विचारतात. ताई, तुमचे काम सर्वांत मोठे आहे. जे पुस्तक आईला आधीच पाठ आहे ते आईला सांगण्यात मुलाला गोडी वाटत नाही. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणूनच ते जीव तोडून सांगते. तुम्ही दोनच प्रश्न विचारा : "मग पुढे काय झाले?" आणि "असे त्याने का केले असेल?" हे दोन प्रश्न विचारायला अक्षरओळख लागत नाही. दिवसभर राबून आल्यावर पंधरा मिनिटे मुलाचे ऐकणे कठीण आहे, हे मी जाणते. आठवड्यातून दोन दिवस तरी टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून एवढे करा.

आणि वडिलांनो, मुलाने उलट प्रश्न विचारला तर त्याला उद्धट म्हणू नका. उत्तर येत नसेल तर "मलाही ठाऊक नाही, आपण मिळून शोधू" असे म्हणा. त्याने तुमचा मान कमी होणार नाही. सुभेदार रामजींचा मान त्यांच्या मुलाच्या प्रश्नाने कमी झाला नाही.

८. एका महिन्याची आखणी

पहिला रविवार : प्रसंगाचे वाचन, नंतर ग्रंथ मिटून जोडीजोडीने सांगणे.
दुसरा रविवार : रोहिणी आणि गोदावरीचे नकाशे.
तिसरा रविवार : संघसभा. या दिवशी मोठ्यांनीही यावे, परंतु मत मुलांनीच द्यावे.
चौथा रविवार : पत्रे, गाणी आणि प्रश्नवहीतील प्रश्नांचे वाचन.

दहा वर्षांखालील मुलांसाठी उपालीची कथा घ्यावी. शाक्य राजपुत्रांनी आपला अहंकार जावा म्हणून उपाली न्हाव्याला आपल्या आधी प्रव्रज्या देण्यास सांगितले, त्यामुळे त्यांना त्याला वंदन करावे लागले. मुलांनी ती रांग चित्रात काढावी. रांगेत पुढे कोण आणि का, हे प्रत्येकाने आपले चित्र दाखवून सांगावे.

एक प्रश्नवही विहारात कायम ठेवावी. वाचताना ज्याला जो प्रश्न पडेल तो त्याने तीत लिहावा. ज्याला लिहिता येत नाही त्याने दुसऱ्याकडून लिहून घ्यावा. वर्षअखेर ती वही चाळली तर आपली मुले किती पुढे आली ते कळेल.

बंधुभगिनींनो, ग्रंथावर फूल वाहायला माझी हरकत नाही. परंतु त्याच्या पानांच्या कडा मुलांच्या बोटांनी थोड्या मळू द्या. कापड काढा आणि मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी तो ठेवा. येत्या रविवारी सुरुवात करा.

अभ्यासासाठी प्रश्न

१) तुमच्या घरात मुलाने पुस्तकाविषयी विचारलेला शेवटचा प्रश्न कोणता? त्याला काय उत्तर मिळाले?
२) मुक्ता साळवे हिच्या युक्तिवादाला आजच्या विद्यार्थिनीने आणखी काय जोडावे?
३) मुलांचे 'प्रकार' पाडणे आणि जातीने कामे वाटणे यांत कोणते साम्य आहे? कोणता फरक आहे?
४) १,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण दराने वर्षाचे व्याज किती होईल? मुलांकडून काढून घ्या आणि ताळा पाहा.

जय भीम! भवतु सब्ब मंगलं!